धुळीच्या नावावर खपवलेला खोकला

आमच्या गावात कुणालाही विचारा, "मास्तरांना काय झालं होतं हो?" उत्तर एकच मिळेल, "फरशीची धूळ गेली छातीत." शाळेतले सहकारी हेच सांगतात, किराणा दुकानदार हेच सांगतो, आणि चुलत बहिणीच्या सासरी, पार राजूरच्या डोंगरापर्यंत, हीच बातमी पोचलेली आहे. ती पसरवणारा मीच. दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवणारा मास्तर आहे मी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून लोकांच्या डोक्यात कशी बसवायची, तेवढं मला येतं.

मला क्षय झाला होता. हे चार शब्दांचं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर आत्ताही एकदा दाराकडे बघून घेतलं.

धुळीचा दोष असला तर इतकाच, की ती त्या वेळी जवळपास होती. खरं तर तीही फारशी नव्हती. तीच तर सगळी गंमत आहे. गंमत म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो.

अंगण

ही हौस दादांमुळे झाली. आमचे थोरले दादा कोपरगावला साखर कारखान्यात. त्यांच्या बिऱ्हाडापुढे शहाबादी फरशीचं अंगण, पाणी ओतलं की चेहरा दिसावा असं. आमच्याकडे आले की ते उंबऱ्यापाशी थांबून चपलेचा चिखल काडीनं खरवडायचे आणि म्हणायचे, "बंडू, तुझ्याकडे यायचं तर बैलगाडी थेट चुलीपर्यंत आणावी लागेल."

एकाहत्तरच्या दिवाळीत हे वाक्य त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर उच्चारलं. तेव्हाच ठरलं.

नेवाशाकडच्या एका जुन्या बांधकामातून निघालेल्या फरश्यांचे तुकडे मिळाले. कुणाचा कोपरा उडालेला, कुणाची कड खाल्लेली. ते घरीच कापून चौरस करायचे आणि अंगणात बसवायचे, असा बेत मी हिला सांगितला. ही म्हणजे माझी बायको, सिंधू. ती कुरडयांसाठी गहू भिजत घालत होती.

"घरी कापणार?"

"घरीच."

"आणि धूळ?"

"होईल थोडी."

तिनं गव्हातला हात बाहेर काढला. "अहो, चार दिवसांनी माझ्या कुरडया घरावरच्या धाब्यावर वाळत पडणार. त्यांच्यावर एक कण जरी दिसला ना, तर तुम्ही आणि तुमची फरशी, दोघांनी चावडीवर जाऊन राहायचं."

म्हणजे धूळ न करता दगड कापणारा माणूस हवा होता. असा माणूस मला एकच ठाऊक होता.

लुकस

लुकस आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर नव्हतो, कारण बाकच नव्हते. पण एका ओळीत होतो. पुढे मी मास्तर झालो आणि तो पाथरवट. खाणीवर, रस्त्याच्या कामावर, जिथे दगड तिथे लुकस. रविवारी प्रार्थनेला जायचा, बाकी सहा दिवस छिन्नी. त्याच्या आजोबांनी धर्म बदलला हे गावानं पाहिलं, पण त्या घरासाठी वळचणीला खोचलेला वेगळा कप गावानं बदलला नाही. हे मला फार लागायचं. दर दोन ऑक्टोबरला मी त्यावर भाषण द्यायचो.

तो आला, फरश्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि म्हणाला, "मास्तर, दगडाला आधी पानी पाजायचं. तहानेला दगड लई धुरळा काडतो."

त्याची रीत अशी होती. फरशी रात्रभर हौदात बुडवून ठेवायची. सकाळी ओल्या वाळूच्या गादीवर आडवी करायची. खिळ्यानं रेघ ओढायची, रेघेवर छिन्नी हलक्या हातानं चालवायची, मग उलटून दुसऱ्या बाजूनं तशीच. हातोडीचा एक ठोका, की फरशी बिस्किटासारखी दोन होते. धूळ व्हायची ती पुढे, कडा घासताना. तिथे रेघेवर सतत पाण्याची धार हवी.

यात मी माझी अक्कल घातली. महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात ना, थेंब थेंब पडणारी, तशी छपराच्या वाशाला टांगायची.

"मास्तर," लुकस म्हणाला, "अभिषेक तुमी घालायचा आन घाव म्या घालायचा. मला पाप लागायचं."

"तुला कशाला लागेल? तुझा देव वेगळा."

"दगड तर तुमचाच हाय."

आम्ही दोघंही हसलो. तो हसता हसता खोकला. मी म्हणालो, "बघ, आलाच धुरळा." तो म्हणाला, "व्हय. धूळ हाय."

गोणपाट

हिच्या कुरडयांचं संरक्षण एवढ्यानं होईना. घासताना थोडी पांढरी भुकटी उडायचीच. मग मी गोठ्याच्या रिकाम्या पडवीत काम हलवलं. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला गोणपाटं शिवून केलेला पडदा. तो पडदा घरातल्या धुण्याभांड्यांच्या पाण्यानं सकाळ-संध्याकाळ भिजवायचा. बहात्तरच्या त्या फेब्रुवारीतच विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती, त्यामुळे ताजं पाणी मागायची माझी छाती नव्हती.

पडदा असा बसला की आतला कण बाहेर जाईना. ही रोज दुपारी यायची, धाब्यावरच्या पत्र्यावरून बोट फिरवायची आणि बोट उन्हात धरून बघायची. स्वच्छ. आठव्या दिवशी ती म्हणाली, "जमलं हो तुम्हाला." लग्नानंतर सोळा वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा आमची मंदा झाली तेव्हा.

शाळा सकाळची होती. दुपारी मी सुटलो की आम्ही दोघं त्या ओल्या काळोखात बसायचो. मी फरशी धरायचो, लुकस छिन्नी चालवायचा. तो मला खाणीतल्या गोष्टी सांगायचा, मी त्याला पेपरातल्या. तास तास. भावाशी मी इतकं कधी बोललो नसेन.

आता पेल्याचं सांगतो.

पहिल्या दिवशी लुकसनं पिशवीतून स्वतःचा जर्मनचा पेला काढला आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवला. हिनं चहा आणला. मला कप, आणि त्याच्यासाठीही कप. त्यानं कपातला चहा वरच्यावर पेल्यात ओतून घेतला.

"हे काय?" मी म्हणालो.

"असू द्या, मास्तर. सवय हाय."

"माझ्या घरात ही सवय चालायची नाही."

"माजा मला बरा वाटतो."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्यातला दोन ऑक्टोबर जागा झाला. मी खिळ्यावरचा पेला काढला, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, पाणी भरलं आणि छपराला टांगला. गळती झाली. थेंब थेंब पाणी फरशीवर पडू लागलं.

"आता पी कशात पितोस ते!" मी म्हणालो, आणि माझा अर्धा प्यालेला कप त्याच्या हातात दिला.

लुकस बराच वेळ कपाकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते. मला वाटलं, अनेक पिढ्यांचा अपमान मी एका खिळ्यानं पुसला. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. त्यानं चहा घेतला.

एप्रिलात हौद कोरडा पडला आणि काम थांबलं. न्हाणीजवळचा एक कोपरा तेवढा मातीचा राहिला. "पाऊस पडल्यावर करू," आम्ही म्हणालो. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही.

नगर

जूनपासून मी खोकत होतो. काळजी कुणालाच नव्हती, कारण खोकल्याचं कारण माहीत होतं. ही गूळ द्यायची, "धूळ ओढून काढतो" म्हणून. संध्याकाळी अंग तापायचं, सदरा ढिला व्हायला लागला. दादा म्हणाले, "फरशी अंगणात घालायची असते बंडू, छातीत नाही."

सप्टेंबरात फळ्यावर लिहिता लिहिता ढास लागली आणि रुमालावर लाल ठिपका पडला. मी मुलांना पाढे म्हणायला सांगितले, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि सत्तावीसचा पाढा संपेपर्यंत खुर्चीला धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं नगर. ही बरोबर होती. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली, आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. फोटो खिडकीकडे धरून त्यांनी मला एक पांढुरका डाग दाखवला. मला वाटलं, इतका सुंदर ढग इतके दिवस छातीत घेऊन फिरलो.

"क्षय आहे," त्या म्हणाल्या. "बरा होतो. पण मी सांगेन तितके महिने, सांगेन तसं राहायचं. घरात कुणाला खोकला?"

"नाही बाई. हा माझाही धुळीचा..." आणि मी त्यांना फरशीचं सगळं सांगितलं. भीतीनं माणूस गप्प होतो म्हणतात, मी भीतीनं निबंध सांगतो. बुडवलेली फरशी, ओली वाळू, गळती, गोणपाट. धूळ कशी एक कण उडत नव्हती, तेही अभिमानानं सांगितलं.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बरोबर कोण होतं?"

"लुकस. पाथरवट आहे. माझा मित्र."

"तो खोकायचा?"

"हो. धुळीनं."

"पण धूळ होतीच कुठे? तुम्हीच आत्ता सांगितलंत, एक कण उडत नव्हता."

निबंध संपला होता.

"मास्तर, हा रोग खोकल्याच्या हवेतून लागतो. तुम्ही पडदा लावून धूळ अडवलीत. हवाही अडवलीत."

एवढ्यावर भागलं असतं तर मी दैवाला दोष देऊन मोकळा झालो असतो. पण खिडकीवरच्या कारकुनानं गावाचं नाव विचारलं, जाड वही उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे, तुमच्या गावचे एक आहेत की आमच्याकडे! लुकस. दीड वर्षापूर्वी नाव घातलंय. चार महिने औषध नेलं आणि गायब. तीन कार्डं टाकली, पत्ता एका खाणीवरचा दिलाय, तो खोटा निघतो. ओळखता का?"

दीड वर्षापूर्वी. म्हणजे माझ्या पडवीत बसायच्या कितीतरी आधी.

"ओळखतो," मी म्हणालो.

"मग एवढं द्या त्यांना. लिहिलंय, लगेच या म्हणून. अर्धवट सोडलं तर जिवावर बेतेल, हेही तोंडी सांगा."

त्यानं एक पिवळं कार्ड माझ्या हातात दिलं. ही औषधांच्या रांगेत होती, तिनं हे काहीच ऐकलं नाही. मी कार्ड खिशात टाकलं, रुमालाशेजारी.

वॉर्ड

मला तिथेच ठेवून घेतलं. पाच महिने. वॉर्ड लांबलचक, खिडक्या सताड उघड्या. ज्यांनी हवा कोंडून आजार मिळवला त्यांना इथे हवा पाजतात.

सकाळी सुई. आज डाव्या कुल्ल्यावर, उद्या उजव्या. पंधरा दिवसांत मी बसणं सोडून दिलं. मग पुड्या. त्यांची चव सांगता येत नाही. चुन्यात साबण कालवून वर कुणीतरी रागावलं, तर तशी काहीशी होईल. शेजारच्या खाटेवर एक म्हातारेबुवा होते, ते पुडी घेण्याआधी हात जोडायचे. मला वाटायचं देवाला. एकदा विचारलं तर म्हणाले, "देवाला न्हाई. पुडीला. पोटात ऱ्हा म्हनतो, माये."

लहानसहान सुखंही होती. रोज एक उकडलेलं अंडं मिळायचं. व्हरांड्यात ऊन यायचं तेव्हा सिस्टर स्वतः खाटा ढकलून आम्हाला उन्हात ठेवायच्या, पापडांसारखं. शाळेतून चाळीस मुलांची चाळीस पत्रं आली. सगळ्यांत एकच मजकूर आणि शुद्धलेखनाची एकच चूक. ती चूक मीच शिकवलेली होती. पत्रं छातीवर ठेवून मी ढसाढसा रडलो, आणि सिस्टरना सांगितलं, सुई दुखली.

दादांचं पत्रही आलं. "यंदा दिवाळीला सिंधू व मंदा यांनी इकडे येऊ नये, मुलांच्या परीक्षा आहेत." दिवाळीच्या सुटीत कोणत्या परीक्षा, हे मास्तराला तरी विचारू नये. ज्या माणसाच्या टोमण्यासाठी मी अंगण घातलं, तो आता त्या अंगणात पाय ठेवणार नव्हता.

मंदाला तपासायला आणलं तो दिवस सगळ्यांत वाईट. तेरा वर्षांची पोर, फोटोच्या खोलीत एकटी गेली. मी व्हरांड्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला, मध्ये जायची मनाई. तिनं लांबूनच हात हलवला. दुसऱ्या दिवशी कळलं, तिला आणि हिला काही नाही. तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात माझा राग पूर्ण आकाराला आला. तोपर्यंत भीतीनं त्याला जागाच दिली नव्हती.

लुकसला माहीत होतं. रोज, तास तास, हाताच्या अंतरावर बसून तो माझ्या तोंडावर खोकला आणि म्हणाला, धूळ हाय. माझ्या घरात माझी पोर होती. शत्रू असता तर मी सावध असतो. मी त्याला माझा उष्टा कप दिला होता!

पिवळं कार्ड उशीच्या अभ्र्यात होतं. रोज उशी ठाकठीक करताना हाताला लागायचं. ही दर रविवारी यायची आणि सांगायची, "लुकस विचारत होता, कोणत्या वॉर्डात ठेवलंय. दुष्काळी कामावर खडी फोडतोय आता. फार वाळलाय हो. खोकतोय."

"धूळ असेल," मी म्हणायचो.

"येऊ का म्हणतो भेटायला."

"नको म्हणावं."

दोन महिने मी ते कार्ड उशीत ठेवलं. विसरलो होतो असं लिहायचा मोह होतो आहे. विसरलो नव्हतो. कारकुनाचं शेवटचं वाक्य मला पाठ होतं, आणि मी दिवसातून तीन वेळा पुड्या गिळत होतो, म्हणजे पुड्या न मिळणाऱ्याचं काय होतं हे मला वॉर्डातल्या कुणाहीइतकंच कळत होतं. मी फक्त म्हणत होतो, त्यानं मला सांगितलं नाही, मग मी त्याला का सांगू?

अभ्रा

दिवाळीनंतरच्या रविवारी हिनं धुवायला म्हणून अभ्रा उसवला आणि कार्ड खाली पडलं. तिनं ते वाचलं. नाव वाचलं. वरची तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. दीड वर्ष, खोटा पत्ता, मंदा, मित्र. चांगली बाजू होती. दोन महिने घासून तयार केलेली.

ती मधेच म्हणाली, "त्यानं तुम्हाला सांगितलं नाही, हे वाईटच केलं. मी त्याला विचारणार आहे." मग कार्ड कमरेला खोचत म्हणाली, "पण तुम्ही दोघं एकाच गोणपाटाच्या आतले आहात हो."

मला आणलेला डबा न उघडताच ती दुपारची एस.टी. धरायला गेली.

उत्तर

चौथ्या दिवशी लुकसला आणलं. त्याच्या मेहुण्यानं पाठीवर घेऊन. वॉर्डात जागा होती ती माझ्यापासून तिसऱ्या खाटेवर. आठवडाभर मी भिंतीकडे तोंड करून झोपलो, आणि सुईची बाजू बदलली की नाइलाजानं त्याच्याकडे. तो डोळे मिटून असायचा.

शेवटी उन्हात खाटा ढकलल्या तेव्हा सिस्टरनी आम्हाला शेजारी लावलं. त्यांना काय माहीत.

"का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. जोरात विचारायचं ठरवलं होतं, पण जोर नव्हता.

तो धापा टाकत म्हणाला, "एकदा सांगितलं हुतं. चुलत्याला. त्यानं त्या दिसापासून भाकर उंबऱ्याभायेर ठिवून काठीनं म्होरं सारली. मंग पुड्या आनायला जायचं म्हंजे गावाला कळनार. सोडल्या. वाटलं, बरा झालो."

"चुलत्याचं जाऊ दे. मी तुला काठीनं भाकरी दिली असती?"

"न्हाई. तुमी काम दिलं नसतं. माजं म्हननं न्हाई की द्यायाच पायजे हुतं. पर दिलं नसतं."

हे खरं होतं. म्हणून मी दुसरीकडून गेलो. "आणि कप? माझ्या कपातून प्यायलास तू, लुकस. एवढं माहीत असून."

तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पेला म्या आनला हुता, मास्तर. तुमास्नी लागू नये म्हून. तुमीच त्याला भोक पाडलं."

गळतीचं पाणी तेव्हा कसं थेंब थेंब पडत होतं ते मला आठवलं.

"तवाच सांगनार हुतो," तो म्हणाला. "तोंडापरेंत आलं हुतं. पर जल्मात पैल्यांदा कुनी आपला कप हातात दिला. त्यो परत द्यायला हात हुईना."

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की कपानं काही झालं नाही, जे झालं ते पडद्यानं झालं. हे मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मंदा त्या खोलीत एकटी गेली ते चित्र डोळ्यांपुढे येतं आणि मला आजही त्याचा राग येतो. फक्त त्या रागाला आता जोडीदार मिळाला होता, आणि तो जास्त जड होता. उशीतले दोन महिने त्याच्या छातीत गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आला असता तर डावं फुप्फुस वाचलं असतं.

कोपरा

मी फेब्रुवारीत घरी आलो. एस.टी.तून उतरतो तोच मुख्याध्यापक भेटले. "काय हो, नक्की काय झालं होतं?" मी उत्तर शोधलंच नाही. ते तोंडात तयार होतं. "धूळ," मी म्हणालो. "फरशीची धूळ." लुकसचेच शब्द, त्याच्याच सुरात. मग तेच सगळ्यांना सांगितलं. माझे औषधाचे आणखी दहा महिने शेजाऱ्यांनी मला खोकल्याचे काढे पाठवले.

लुकस पुढच्या उन्हाळ्यात परतला. जिवंत, पण जिना चढताना मध्ये बसणारा. हातोडी आता त्याच्यानं उचलवत नाही.

गेल्या महिन्यात तो आला, न्हाणीजवळच्या मातीच्या कोपऱ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यो तसाच हाय व्हय?"

एक फरशी शिल्लक होती. मी ती भिजवली, वाळूवर ठेवली. पडवीत नाही, भर अंगणात, उघड्यावर. तो पायरीवर बसून सांगत होता, मी छिन्नी चालवत होतो. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "लुकस, ते कार्ड दोन महिने माझ्या उशीत होतं."

"ठावं हाय."

"हिनं सांगितलं?"

"वैनी काय बोलल्या न्हाईत. कार्डाला कापूस चिकटला हुता. उशीतला. आन तारीख मला वाचता येती, मास्तर. चौथीपरेंत हुतो की तुमच्या संगं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी तरी कुटं बोललात?"

छिन्नी माझ्या हातात तशीच राहिली. मग तो म्हणाला, "मारा. रेघ वाळाय लागली."

मी मारली. फरशी तुटली, पण वेडीवाकडी. कड घासायला घेतली तर पाणी संपलं होतं, आणि पांढरा लोट उठला. धाब्यावरून ही ओरडली, "अहो! माझ्या कुरडया!" मी खोकलो. लुकस खोकला. आणि दोघंही एकदम थांबून एकमेकांकडे बघत राहिलो.

"धूळ हाय," तो म्हणाला.

"या वेळी खरंच आहे," मी म्हणालो.

तरी सोमवारची पहिली एस.टी. धरून आम्ही दोघं नगरला गेलो आणि थुंकी तपासून आलो. दोघांचीही स्वच्छ निघाली. परत येताना एस.टी.त शेजारच्या माणसानं विचारलं, दवाखान्यात कशाला गेला होतात? मी लुकसकडे बघितलं, लुकसनं माझ्याकडे. मग आम्ही त्याला खरं सांगितलं. तो उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला, आणि आम्हाला खिडकी मिळाली.